घराण्यातलं हार्ट, घरातली शुगर: रक्ताचा वाटा किती, स्वयंपाकघराचा किती?

मखमलाबादकर · सोमवार, सकाळी ८:४०

त्र्यंबक नाक्यापासून नाशिकरोडपर्यंत कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर दोनपैकी एक वाक्य कानावर पडतंच. एक, "आमच्या घराण्यातच आहे, पथ्य करून काय होणार?" आणि दुसरं, "सगळं त्या तर्रीचं आणि मैद्याचं, आमच्या आजोबांना कुठे होतं?" दोघंही चुकतात, पण किंमत वेगवेगळी मोजतात. पहिला जे हातात आहे तेही सोडून देतो. दुसऱ्याच्या घरात एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, २३० असतं आणि तो करडईवरून शेंगदाण्यावर, शेंगदाण्यावरून सूर्यफुलावर तेल बदलत बसतो.

आधी एक गोंधळ मोडून काढू. "अमुक आजार ५० टक्के आनुवंशिक" असं पेपरात छापून येतं. त्याचा अर्थ तुमच्या शुगरमधली अर्धी वडिलांची आणि अर्धी जिलेबीची, असा होत नाही. बागाईतदारांना हे समजवायला सोपं जातं. डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनचं कलम बांधलेली द्राक्षाची दोन एकर बाग घ्या. कलमातून आलेली, म्हणजे जनुकांच्या हिशेबाने प्रत्येक वेल एकच. तरी एकीवर ४० घड आणि बांधाकडच्या वेलीवर १५. हा फरक माती, पाणी, ऊन आणि छाटणीचा. त्या बागेत घडांच्या संख्येची आनुवंशिकता शून्य. आता सपाट, एकसारख्या जमिनीत, एकाच ठिबकवर थॉमसन, शरद आणि फ्लेम शेजारी शेजारी लावा. इथे दिसेल तो फरक जवळपास सगळा जातीचा, म्हणजे आनुवंशिकता भरपूर. थॉमसन तीच आहे. तुलना बदलली म्हणून आकडा बदलला.

माणसांतही हा आकडा एका गटातल्या माणसामाणसांमधल्या फरकाबद्दल बोलतो, एकट्या तुमच्याबद्दल नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून बीएमआयसाठी (उंचीच्या मानाने वजन) तो साधारण ४० ते ७० टक्के येतो, एलडीएलसाठी निम्म्याच्या आसपास. पण अख्ख्या गटाचं राहणीमान हललं की सरासरीच कुठल्या कुठे जाते. अमेरिकेच्या ॲरिझोनातले पिमा आणि सीमेपलीकडे मेक्सिकोच्या मायकोबा भागात शेती करणारे पिमा एकाच मुळाचे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ॲरिझोनातल्या प्रौढांत मधुमेह ३८ टक्के निघाला, मायकोबात ६.९. जनुकं तीच, फरक पाचपटीहून जास्त.

म्हणून "किती टक्के" विचारण्यापेक्षा "कुठल्या प्रकारचं" हे विचारावं. मी तीन कप्पे करतो.

पहिला कप्पा, एकाच जनुकात मोठा दोष. ठळक उदाहरण म्हणजे घराण्यात उतरणारं जादा कोलेस्टेरॉल, डॉक्टर त्याला एफएच म्हणतात. इथे पथ्य लागतंच, पण पथ्याने भागत नाही.

दुसरा कप्पा, एलपी(ए), म्हणजे एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण. रक्तातली पातळी जवळजवळ पूर्ण जनुकावर ठरते आणि जन्मभर फारशी हलत नाही. हिला जेवणाखाण्याशी देणंघेणं नाही.

तिसरा कप्पा, शेकडो बारीक जनुकं, प्रत्येकाचा धक्का चिमूटभर. नेहमीचा टाइप २ मधुमेह, पोटाचा घेर, बीपी आणि बहुतेकांचा हृदयविकार इथला. टीसीएफ७एल२ हे जनुक २००६ मध्ये मधुमेहाशी जोडलं गेलं, एफटीओ २००७ मध्ये वजनाशी. एफटीओच्या जोखमीच्या दोन्ही प्रती असलेल्या माणसाचं वजन सरासरी ३ किलोने जास्त भरतं. बस्स, तीन किलो. आणि अंगमेहनत करणाऱ्यांत हा परिणाम सुमारे २७ टक्क्यांनी कमी दिसतो. "जीनमध्येच लठ्ठपणा आहे" म्हणणाऱ्यांनी हे तीन किलो लक्षात ठेवावेत.

आपापल्या कप्प्यातलं लिहा.

---

तपासणीटेबल · सोमवार, सकाळी १०:०५

पहिल्या कप्प्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण घोटाळा तिथे जास्त आहे.

एफएचमध्ये यकृताच्या पेशींवरचे एलडीएल उचलणारे रिसेप्टर कमी पडतात. बहुतेक वेळा दोष एलडीएलआर जनुकात, कधी एपीओबी किंवा पीसीएसके९ मध्ये. या रिसेप्टरच्या शोधासाठी ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. आईवडिलांपैकी एकाकडून दोष आला तरी पुरतो, आणि प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. जगभराचा हिशेब साधारण २५० माणसांत १ असा आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर १४.८६ लाखांचं होतं. तोच दर इथे लावला तर सहा हजारांच्या आसपास माणसं होतात. त्यातली बहुतेक स्वतःला "थोडं कोलेस्टेरॉल आहे" एवढंच समजत असणार.

संशय कधी घ्यायचा? मोठ्या माणसाचं एलडीएल १९० च्या वर, घरात असा इतिहास असलेल्या मुलाचं १६० च्या वर. टाचेमागची शीर जाड, हाताला गाठीसारखी लागणारी. ४५ च्या आत डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढरट कडं. पापणीवरचे पिवळे चट्टे मात्र इतर अनेकांना असतात, त्यावरून निकाल लावू नका.

रिपोर्ट वाचताना लोक कुठे घसरतात:

बऱ्याच रिपोर्टांत एलडीएल मोजलेलं नसतं, काढलेलं असतं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा, त्यातून ट्रायग्लिसराइडचा (रक्तातली दुसरी चरबी) पाचवा भाग वजा. एकूण २९०, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १५० असेल तर २९० − ४२ − ३० = २१८. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र कामाचं नाही. मग थेट मोजलेलं एलडीएल मागा किंवा नॉन-एचडीएल बघा, म्हणजे एकूणमधून फक्त एचडीएल वजा. त्याला उपाशीपोटी असण्याचीही गरज नाही.

कोलेस्टेरॉलची गोळी चालू असताना काढलेलं एलडीएल एफएच झाकून टाकतं. ॲटोर्व्हास्टॅटिन ४० घेणाऱ्याचं ११० आलं तर गोळीशिवाय ते २२० च्या घरात असू शकतं, कारण त्या मात्रेला साधारण निम्मं उतरतं. म्हणून गोळी सुरू व्हायच्या आधीचा जुना रिपोर्ट सोन्यासारखा जपावा. तो शोधायला गोळी मात्र बंद करायची नाही.

झटका आल्यावर किंवा मोठ्या तापातून उठल्यावर एलडीएल खाली उतरतं. त्या दिवसांतला "नॉर्मल" आकडा फसवा.

आणि १९० च्या वर दिसलं की आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी. थायरॉइड मंदावलं, लघवीतून प्रथिनं जायला लागली किंवा पित्ताचा मार्ग अडला, तरी एलडीएल असंच चढतं. ते सगळं नीट असेल तर मग घराण्याकडे वळा.

---

पंचवटी_कारंजा · सोमवार, सकाळी ११:२०

घराण्याकडे वळायचं म्हणजे नेमकं काय विचारायचं? घरातल्या मोठ्यांना विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर एकच, "हार्ट फेल झालं."

---

मखमलाबादकर · सोमवार, दुपारी १२:१५

बरोबर जागी बोट ठेवलंत. आपल्याकडे "हार्ट फेल" म्हणजे मृत्यूचं सभ्य नाव. त्यात झटका येतो, पक्षाघात येतो, किडनी येते, सर्पदंशसुद्धा येतो. म्हणून आजाराचं नाव विचारूच नका, घटना विचारा.

एक फुलस्केप कागद आडवा घ्या. वरच्या ओळीत दोन्हीकडचे आजी-आजोबा, मध्ये आईवडील, काका, आत्या, मामा, मावश्या, खाली तुम्ही, भावंडं आणि चुलत-मावसभावंडं. मामाकडची बाजू लोक विसरतात. अर्धी जनुकं तिकडूनच आलेली असतात. प्रत्येक नावाखाली चार गोष्टी: काय झालं, कितव्या वर्षी झालं, तंबाखू-मिसरी-विडी होती का, शुगर-बीपीची गोळी चालू होती का.

प्रश्न असे. छातीत दुखलं होतं का, की बसल्या जागी मान टाकली? एका बाजूचा हात-पाय गेला होता का? पायांना सूज येऊन महिनोन्‌महिने दम लागत होता का? तोंड वाकडं झालं होतं का? "गॅसेस झाले आणि गेले" असं उत्तर आलं तर त्या नावापुढे संशयित झटका लिहा.

वजन पडतं ते वयाला. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत झटका, म्हणजे इतिहास पक्का. ८२ व्या वर्षी गेलेले आजोबा त्यात धरू नका. १९९४ साली स्वीडनच्या २१,००४ जुळ्यांचा अभ्यास आला. एकसारख्या जुळ्या पुरुषांत एक भाऊ ५५ च्या आत हृदयविकाराने गेला असेल तर दुसऱ्याचा धोका ८.१ पट, वेगळ्या जुळ्यांत ३.८ पट. आणि पहिल्याचं मरणाचं वय वाढत गेलं तसतसा हा परिणाम विरत गेला. लवकरचा झटका रक्ताकडे बोट दाखवतो, उशिराचा जगण्याकडे जास्त.

कागदावर चाळिशीच्या आत खेळताना, धावताना किंवा झोपेत गेलेलं कुणी असेल तर तो वेगळाच मामला. तिथे कोलेस्टेरॉल नव्हे, हृदयाचा स्नायू किंवा विजेचा दोष शोधायचा असतो. सख्ख्या नात्यातल्या सगळ्यांचा ईसीजी आणि टू-डी इको. दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत एमवायबीपीसी३ या हृदयस्नायूच्या जनुकातली २५ अक्षरं गळालेली सापडतात, हे २००९ मध्ये पुढे आलं. बहुतेकांना त्याने तरुणपणी काही होत नाही, त्यामुळे घाबरून जाण्यासारखं नाही. पण असा कागद हातात असताना इको टाळू नये.

---

द्राक्षआगार · सोमवार, दुपारी ३:३०

मखमलाबादकर, थॉमसनचं उदाहरण चोख आहे, पण अर्धंच सांगितलंत. बागेत दोन छाटण्या असतात. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की घड बाहेर पडतात, आणि शहरातल्या माणसाला वाटतं घड तेव्हा ठरले. ते ठरतात एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, ४० ते ६० दिवसांच्या आसपास, डोळ्याच्या आत. त्या वेळी आभाळ दाटून राहिलं किंवा पाणी आणि नत्र जास्त पडलं की वेल पानोऱ्याला जाते, घडनिर्मिती मार खाते, आणि ऑक्टोबरनंतर कितीही खत घाला, घड जिरतात नाहीतर गोळी घड निघतात. जात तीच, आताची मेहनतही तीच. चूक सहा महिन्यांपूर्वीच्या हवेत.

माणसाचा एप्रिल म्हणजे आईचं पोट. डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमधल्या जुन्या जन्मनोंदी काढून दाखवलं की जन्माला येताना आणि एक वर्षाचे असताना वजन कमी असलेल्या पुरुषांत पुढे हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त. आपल्याकडचं काम याहून महत्त्वाचं, पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गर्भवतींचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५. पण आपलं बाळ हडकुळं असूनही कातडीखालची चरबी मात्र राखून असतं. मार बसतो तो स्नायूंना आणि पोटातल्या अवयवांना.

२००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे युडकिन यांनी दोघांचा एक फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दिला. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. बारीक दिसणारा मराठी माणूस आणि काट्याचा खोटा दिलासा, याहून नेमका दाखवता येणार नाही.

म्हणून "आईलाही शुगर, मुलालाही शुगर" दिसलं की लगेच जनुकावर ढकलू नये. गरोदरपणात आईची साखर चढलेली असेल तर बाळाला ती नाळेतून मिळते. बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं, तेही याच अभ्यासात. शाकाहारी घरात मूल होऊ देण्याआधी बी-१२ तपासावं ते यासाठी. शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर आणखीच, कारण त्या गोळीने बी-१२ उतरतं.

---

अंबड_एक्सएलओ · सोमवार, सायंकाळी ६:५०

इतकं जनुकपुराण कशाला? इंटरहार्ट नावाच्या अभ्यासात ५२ देशांतून सिद्ध झालंय की ९० टक्के झटके नऊ गोष्टींनी समजावता येतात: तंबाखू, रक्तातली चरबी, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या, दारू, व्यायाम. उरले किती? दहा. विषय संपला.

---

तपासणीटेबल · सोमवार, रात्री ८:१०

विषय तिथे सुरू होतो. २००४ चा इंटरहार्ट पक्का आहे, पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ९४ टक्के. पण हे टक्के शंभरातून वजा करायचे नसतात. एफएच असलेला माणूस विडी ओढतो आणि ४२ व्या वर्षी त्याला झटका येतो. विडी नसती तर तेव्हा आला नसता, म्हणून तो तंबाखूच्या खात्यात. जनुक नसतं तरी आला नसता, म्हणून रक्ताच्याही खात्यात. एकच झटका दोन वह्यांत चढतो आणि दोन्ही नोंदी खऱ्या असतात. शिवाय त्या नऊ जणांतली चरबी, बीपी, मधुमेह आणि घेर ही मंडळी स्वतःच अर्धीमुर्धी आनुवंशिक.

दोन्ही एकत्र मोजलेला अभ्यास हवा असेल तर २०१६ चा बघा, ५५,६८५ माणसांचा. जनुकीय जोखीम वरच्या पाचव्या हिश्शात असलेल्यांना धोका ९१ टक्के जास्त. त्याच जास्त जोखमीच्या लोकांत धूम्रपान नाही, लठ्ठपणा नाही, आठवड्यातून एकदा तरी व्यायाम, बऱ्यापैकी आहार, या चारांतल्या किमान तीन गोष्टी पाळणाऱ्यांचा धोका न पाळणाऱ्यांपेक्षा ४६ टक्के कमी. "घराण्यात आहे" म्हणून सोडून देणाऱ्याचंच यात जास्त नुकसान.

उलट बाजूही ऐका. एफएचमध्ये जादा चालणाऱ्या पीसीएसके९ जनुकाची एक प्रत जन्मतः बंद पडलेल्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत एलडीएल २८ टक्के कमी होतं आणि हृदयविकार ८८ टक्के कमी. गोळीने उतारवयात पाच वर्षं तेवढंच एलडीएल उतरवलं तर एवढा फायदा मिळत नाही. थोडं कमी, पण जन्मापासून कमी, याची ताकद वेगळी. म्हणून एफएचच्या घरात मुलांची तपासणी शाळकरी वयात करतात आणि गोळी बहुधा ८ ते १० वर्षांपासून विचारात घेतात.

---

गंगापूररोड_संध्याकाळ · सोमवार, रात्री ९:३५

नवरा-बायकोचा मुद्दा कुणी घेतला नाही. दोघांचं रक्त वेगळं, चूल एक. जोडीदाराला मधुमेह असेल तर आपल्याला होण्याचा धोका २६ टक्क्यांनी जास्त, असं २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून निघालं. हे २६ टक्के स्वयंपाकघर, टीव्हीसमोरचा सोफा आणि झोपेच्या वेळांचे.

(मामेबहिणीशी लग्न असेल तर रक्तही वेगळं राहत नाही, ते सोडून.)

---

तपासणीटेबल · सोमवार, रात्री ९:५०

कंसातलं हसण्यावारी नेऊ नका. आतेभाऊ-मामेबहीण दोघांच्या सामाईक आजोबांकडून एफएच दोघांतही उतरलं तर मुलाला दोन्ही प्रती मिळण्याची शक्यता चारात एक. अशा मुलाचं एलडीएल बहुधा ४०० च्या वर, अंगावर पिवळ्या गाठी लहानपणीच, आणि झटका विशीच्या आत येऊ शकतो. त्वचेच्या गाठी म्हणून मलमं लावत वर्षं जातात.

---

अंबड_एक्सएलओ · मंगळवार, सकाळी ७:१५

दोन वह्यांचं पटलं. आता घरपोच डीएनए किटचं सांगा. थुंकी पाठवली की हृदयाचा स्कोअर येतो म्हणे.

---

मखमलाबादकर · मंगळवार, सकाळी ९:००

तिसऱ्या कप्प्यातली बारीक जनुकं एकत्र मिळवून तो स्कोअर काढतात. बहुतेक स्कोअर युरोपीय वंशाच्या लोकांवर बसवलेले आहेत, आपल्यावर त्यांची अचूकता उतरते. आणि तोच किट पहिल्या कप्प्यातला एफएचचा दोष नीट वाचतोच असं नाही; तिथे "धोका कमी" आलं म्हणून निर्धास्त झालात तर फसलात. लिपिड प्रोफाइल, एलपी(ए), एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), बीपी आणि शिंप्याची टेप. पैसे आधी यांवर घाला. यातून एफएचचा दाट संशय आला तर नेमक्या जनुकांची तपासणी डॉक्टर सांगतील, आणि तीही घरातल्या आजारी माणसाची पहिली. त्याच्यातला दोष सापडला की बाकीच्यांत फक्त तेवढाच शोधायचा.

टेपबद्दल: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपड्यावरून नाही, श्वास सहज सोडल्यावर, टेप सगळीकडून आडवी. पँटचा पट्टा पोटाखाली बांधणाऱ्यांनी पँटचा नंबर सांगू नये. पुरुष ९० सेंमी, स्त्रिया ८०. बीएमआयला आपल्याकडे २३ ला सावध आणि २५ ला लठ्ठ.

---

सातपूर_तिसरीपाळी · मंगळवार, दुपारी २:४०

पाळीत काम करणाऱ्यांसाठी थोडं.

रात्री ३ चा चहा घेतला असेल तर सकाळी ७ ची शुगर "फास्टिंग" राहत नाही. आठ तास पाण्याशिवाय काही नको. पाळीवरून उतरल्या उतरल्या, न झोपता दिलेलं रक्तही त्या दिवशी टाळा. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, रात्र झोपून, सकाळी द्या. बीपीलाही तोच नियम.

पाळीला जाण्याआधी घरी पोटभर जेवावं, १२ ते ५ च्या मध्ये ताक, मूठभर फुटाणे, काकडी एवढ्यावर काढावं. कँटीनचा वडा-पाव नेमका अशा वेळी पोटात जातो जेव्हा शरीराला साखर हाताळणं जड जातं. चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम साखर. पाळी संपायच्या आत.

मिसळीला कुणी नावं ठेवू नका, हिशेब ठेवा. मटकी निर्दोष आहे. शेव-फरसाणात १०० ग्रॅमला ३५ ते ४० ग्रॅम तेल असतं, म्हणजे ४० ग्रॅमच्या मुठीत जवळपास तीन चहाचे चमचे. वर दोन पळ्या तर्री, ती बहुतांश तेलच. माणशी दिवसाला चार-पाच चमचे धरले तर एका बशीत दिवसाचा कोटा संपतो. रस्सा घ्या, तर्री बाजूला, पाव एक, फरसाण अर्धं, मटकी दुप्पट. घरचं तेल मोजायचं तर महिन्याला चार माणसांत तीन लिटरच्या वर जाऊ देऊ नका. डबा फोडला त्या दिवशी त्यावर तारीख लिहा, आपोआप कळतं.

---

गोदावरी_लेफ्टबँक · मंगळवार, सायंकाळी ५:२०

वाईन हृदयाला चांगली, हे आमच्या द्राक्षनगरीत फार ऐकायला मिळतं. त्यावर?

---

तपासणीटेबल · मंगळवार, सायंकाळी ६:००

जनुकांनीच ते मोडलं. एडीएच१बी या जनुकाचा एक प्रकार असलेल्यांना दारू सोसत नाही, म्हणून ते आयुष्यभर कमी पितात. जनुक जन्माला येताना मिळतं. पुढे श्रीमंती आली, जिम आली, तरी ते बदलत नाही, त्यामुळे तुलना स्वच्छ राहते. २०१४ मध्ये २.६ लाखांहून जास्त लोकांवर पाहिलं, तर या कमी पिणाऱ्यांत हृदयविकार सुमारे १० टक्के कमी. थोडी पिणारे निरोगी दिसायचे ते बहुधा बाकीच्या सवयींमुळे. वाईन आवडते म्हणून प्या, औषध म्हणून नाही.

---

सुरगाणा_पेठ · मंगळवार, रात्री ८:४५

आमच्या पट्ट्यासाठी एक जोड. आदिवासी तालुक्यांत सिकलसेलचं जनुक आहे, आणि एचबीएवनसी ही हिमोग्लोबिनवरच बेतलेली तपासणी. सिकलसेलच्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. नुसता वाहक असेल तर काही पद्धतींत आकडा चुकतो, काहींत नाही. उलट लोहाच्या कमतरतेने तो खोटा वर जातो, ६.० चा ६.५ दिसू शकतो. म्हणून हिमोग्लोबिन कमी असेल किंवा घरात सिकलसेल असेल तर उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी, अशी साखर बघा. दोन तासांची १४० ते १९९ असेल तर काठावर, २०० पासून मधुमेह. उपाशीपोटी १०० ते १२५ काठावर, १२६ पासून मधुमेह.

काठावरच्यांनी नशिबाला बोल लावू नये. २००६ साली आलेल्या चेन्नईच्या अभ्यासात काठावरचे ५३१ लोक तीन वर्षं पाहिले. काहीच न केलेल्यांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, चालणं आणि आहार सांभाळलेल्यांत ३९.३. ही आपलीच जनुकं, आपलंच जेवण. आणि हो, ५५ हा आकडाही पाहा. आपल्याकडे काठावरून घसरण किती जोरात आहे ते त्यात दिसतं.

---

पंचवटी_कारंजा · मंगळवार, रात्री १०:१०

वाचनखूण साठवली. कागद मांडायला घेते. एक शंका: एलपी(ए) च्या एका रिपोर्टवर ६२ आणि दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टवर १३०, असं असलं तर पातळी वाढली असं समजायचं का? आणि कितीदा करायची?

---

तपासणीटेबल · बुधवार, सकाळी ७:३०

ताई, बहुधा वाढलेली नसते, एकक बदललेलं असतं. काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर देतात, काही नॅनोमोल प्रति लिटर. पहिल्यात ५० च्या वर आणि दुसऱ्यात १२५ च्या वर जास्त समजतात, म्हणजे तुमचे दोन्ही आकडे जास्तच आहेत. एकमेकांत बदलायला ठरावीक गुणक नाही, कारण या कणाचा आकार माणसागणिक वेगळा असतो. इंटरनेटवरच्या रूपांतराच्या तक्त्यावर विसंबू नका.

आयुष्यात एकदा केली तरी चालते, उपाशी असण्याची गरज नाही. मासिक पाळी गेल्यानंतर, किंवा किडनी-थायरॉइडचा त्रास असेल तर पुन्हा करता येते. कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या स्टॅटिन गोळ्यांनी ती उतरत नाही. खास तिच्यासाठीच्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत. तोवर जास्त निघाली तर एलडीएल, बीपी, तंबाखू यांचा हिशेब इतरांपेक्षा कडक करायचा आणि सख्ख्या भावंडांची, मुलांची एकदा तपासून घ्यायची.

रिपोर्टवर एकक छापलेलं नसेल तर लॅबला फोन करा आणि आकड्याशेजारी पेनने लिहून ठेवा. तुमच्या कागदावर पाचवा रकाना काढावा लागेल.